कौलारू घर शाकारायला काढलंय: सोलर कौलं, पॅनेलचंच छप्पर की कौलांवर पॅनेल?

पोफळीची_बाग

नमस्कार मंडळी. गुहागर तालुक्यात आमचं जांभ्याचं जुनं घर आहे. वाशांना वाळवी लागलीय, त्यामुळे या वेळी नुसती शाकारणी न करता सगळं छप्पर उतरवून लोखंडी ट्यूबवर नव्याने चढवायचं ठरलंय. छप्पर उघडतंच आहे तर सोलरचंही आत्ताच उरकू, असं घरात सगळ्यांचं म्हणणं. आई-बाबा कायम तिथे असतात. महिन्याला अडीचशे ते तीनशे युनिट जळतात, म्हणजे ३ किलोवॅट पुरे असं जो येतो तो सांगतो. इथवर एकमत आहे. पुढे चौघांची चार तोंडं:

एक म्हणतो, मंगलोरी कौलं परत घाला आणि वर रूळ टाकून साधी पॅनेलं बसवा. दुसरा सोलर कौलांचा फोटो दाखवतो. दिसायला फार सुंदर, दर साध्या पॅनेलच्या अडीच-तीन पट. तिसऱ्याच्या मते दक्षिणेच्या उतारावर कौलं घालूच नका, पॅनेल हेच छप्पर करा, कौलांचे पैसे वाचतील. चौथा रंगीत पत्रा विकतो, त्यामुळे त्याला जगातल्या सगळ्या प्रश्नांवर पत्रा हेच उत्तर दिसतं.

दक्षिणेचा उतार साधारण ३० फूट बाय १४ फूट. खाली माजघर आणि बाळंतिणीची खोली, वर लाकडी माळा. आईची अट एकच, घर घरासारखं दिसलं पाहिजे. बाबांची अट त्याहून कडक, गळता कामा नये. कोणी यातलं काही स्वतः केलं असेल तर सांगा.

वायरमन_चिपळूण

आधी हिशेब मांडू. हल्लीचं ५५० वॅटचं पॅनेल साधारण २.२८ मीटर बाय १.१३ मीटर असतं, वजन २८ किलोच्या आसपास. अशी सहा लावली की ३.३ किलोवॅट झाले आणि जागा लागली १६७ चौरस फूट. तुमचा एक उतारच ४२० चौरस फुटांचा. म्हणजे अख्खं छप्पर सोलरचं करायची गरजच नाही. जो कोणी पूर्ण उतार विकायला बघतोय त्याला विचारा, उरलेल्या अडीचशे फुटांत काय घालणार? उत्तर येईल 'डमी कौलं'. दिसायला सोलर, आत काही नाही, आणि दर मंगलोरी कौलाच्या कितीतरी वर.

लाल_माती

सोलर कौलं दिसायला छान. वानरांना विचारलंत का? :-)

फ्रीमाँटकर

सोलर कौलांचा मी बराच पिच्छा पुरवला होता, कारण इथे अमेरिकेत आमचंही छप्पर बदलायला आलं होतं. टेस्लाने ही कल्पना २०१६ च्या ऑक्टोबरात लोकांसमोर मांडली आणि २०१९ मध्ये तिसरी आवृत्ती आणली. त्यांचं एक काचेचं कौल १५ बाय ४५ इंच, ७२ वॅटच्या आसपास. म्हणजे चौरस मीटरला सुमारे १६५ वॅट. वर वायरमन यांनी सांगितलेल्या पॅनेलचा हिशेब केला तर २१३ येतात. त्यात कौलं एकमेकांवर चढतात, म्हणून प्रत्यक्षात जागा कशी लागते हे कंपनीकडूनच मांडून घ्यावं लागतं.

पण माझं मत बदललं ते वॅटमुळे नाही, जोडांमुळे. ३ किलोवॅटला अशी चाळीसहून जास्त कौलं लागतात, आणि ती आकाराने मोठी आहेत म्हणून चाळीस. मंगलोरी कौलाएवढं १० वॅटचं कौल घेतलंत तर तीनशे. प्रत्येकाला वायर, प्रत्येकाला कनेक्टर, सगळं छपराच्या आत, आणि गुहागरची खारी हवा. एक जोड सैल झाला तर तो शोधायला कौलं उकलत बसायचं. साध्या सहा पॅनेलांत असे जोड हाताच्या बोटांवर मोजावेत एवढेच.

दुसरी गोष्ट कंपनीच्या आयुष्याची. डाऊसारख्या बलाढ्य कंपनीने २०११ मध्ये पॉवरहाऊस नावाची सोलर शिंगल (कौलाऐवजी छपरावर ठोकायची चपटी पट्टी) बाजारात आणली आणि २०१६ मध्ये ते उत्पादन थांबवलं. पुढे परवाना दुसरीकडे गेला, पण ज्यांच्या छपरावर पहिला माल होता त्यांनी त्याच मापाचा तुकडा कुठून आणायचा? फुटलेलं मंगलोरी कौल बदलायला तुम्हाला कोणाची वॉरंटी लागत नाही. अडगळीतली दोन कौलं काढायची आणि सुतार नाहीतर घरातलाच कोणी वर चढतो.

आम्ही शेवटी छप्पर वेगळं केलं, पॅनेल वेगळं लावलं. इथे जीएएफ कंपनीची खिळ्यांनी ठोकायची टिंबरलाइन सोलर शिंगल २०२२ पासून मिळते, ती मला कल्पना म्हणून जास्त आवडते. पण ती डांबरी शिंगलच्या छपरासाठी आहे, कोकणात तिचा उपयोग शून्य.

अवांतर: इथली ३० टक्के करसवलत २०२५ च्या ३१ डिसेंबरला संपली, त्यामुळे आमच्याकडचे जुने दर वाचून तुलना करू नका.

रेडिंगकर

पॅनेल हेच छप्पर या प्रकाराची बाजू कोणीतरी घ्यायला हवी, म्हणून मी घेते. इथे इंग्लंडमध्ये नव्या घरांवर हे सर्रास दिसतं. कौलं नसतातच त्या भागात. रिपांवर प्लास्टिकचे ट्रे एकात एक अडकवतात, ट्रेवर पॅनेल बसतं, कडेने धातूची पट्टी कौलांखाली सारतात. पाणी पॅनेलच्या फटीतून आत आलं तरी ट्रेवरून खाली वाहून जातं. दिसायला सपाट, नीटस. आणि पॅनेलखाली कबुतरं घरटी करत नाहीत, ही इथली फार मोठी डोकेदुखी आहे.

हे सगळं सांगून झाल्यावर प्रामाणिकपणे पुढचंही सांगते. लंडनला वर्षाचा पाऊस ६०० मिलिमीटरच्या आसपास. रत्नागिरीत एकट्या जुलैत याहून जास्त पडतो. आमच्याकडचा पाऊस भुरभुरतो, तिकडचा आडवा मारतो. इथे चालणारा ट्रे तिथे चालेलच असं मी छातीठोक म्हणणार नाही.

मीटर_रीडर

पैशांचं बोला कोणीतरी.

पीएम सूर्यघर योजनेत अनुदान असं आहे: पहिल्या २ किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, म्हणजे ३ किलोवॅट किंवा जास्त असेल तरी कमाल ७८ हजार. यासाठी पॅनेल डीसीआर हवं, म्हणजे आतला वीज बनवणारा सेलही भारतात बनलेला आणि पॅनेलही. बाहेरून आणलेली सोलर कौलं इथेच बाद होतात. विक्रेता जर म्हणाला की 'अनुदान मिळून जाईल', तर डीसीआरचा कागद आधी मागा, आगाऊ रक्कम नंतर द्या. पॅनेलचंच छप्पर करणार असाल आणि पॅनेल साधं डीसीआर असेल तर छप्पर म्हणून वापरल्याने काही बिघडत नाही. विक्रेता मात्र योजनेत नोंदणी झालेला असावा.

आता सर्वांत महत्त्वाचं. वीजबिल कोणाच्या नावावर आहे?

पोफळीची_बाग

आजोबांच्या. ते जाऊन वीस-बावीस वर्षं झाली.

मीटर_रीडर

वाटलंच! कोकणातल्या दहापैकी आठ घरांची हीच कथा असावी. अर्जदाराचं नाव आणि बिलावरचं नाव एकच लागतं. आधी महावितरणकडे नावात बदलाचा अर्ज करा. घर सामायिक असेल आणि घरपट्टीच्या उताऱ्यावर चुलत्यांची नावं असतील तर त्यांची संमतीपत्रं आत्ताच गोळा करा. मे महिन्यात सगळे गावाला येतात तेव्हा सह्या होतात, नंतर मुंबईला जाऊन एकेकाला गाठावं लागतं. कौलं की काच हा प्रश्न त्यानंतरचा.

लाल_माती

मीटर_रीडर +१. आमच्याकडे सोलरपेक्षा सह्यांना जास्त वेळ लागला.

बरं, वानरांचं मी गमतीने म्हटलं नव्हतं. आमच्या वाडीत दरवर्षी कौलं फुटतात ती वानरांच्या उड्यांनी. कौल फुटलं तर पाण्याची धार लागते, खाली घमेलं ठेवतो आणि उघडीप मिळाली की कौल बदलतो. कौलांवरचं पॅनेल फुटलं तर खाली कौल असतंच, घर कोरडं राहतं. पण पॅनेल हेच छप्पर असेल आणि भर श्रावणात त्यावर नारळ पडला तर?

चौकोनी_चष्मा

भौतिकशास्त्र शिकवायचो, म्हणून थोडं उष्णतेबद्दल लिहितो.

पॅनेलवर जे वॅट छापलेले असतात ते सेलचं तापमान २५ अंश असताना मोजलेले. त्यापुढे प्रत्येक अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के उत्पादन घटतं. उघड्यावर, खालून वारा खेळत असेल तरी कोकणातल्या एप्रिलच्या दुपारी सेल साठीला पोचतो. तेच पॅनेल छपरात गच्च बसवलं, खाली माळ्याची कोंडलेली हवा असली, तर आणखी दहा-पंधरा अंश वाढतात. १५ अंश गुणिले ०.३५ म्हणजे पाच टक्क्यांहून जास्त गेले. हे नुकसान सोसवेल एक वेळ. पण तीच उष्णता माळ्यावरून खालच्या खोलीत उतरते त्याचं काय? मंगलोरी छप्पर श्वास घेतं, कौलांच्या फटींतून गरम हवा निघून जाते. काचेचं छप्पर श्वास घेत नाही. उलट कौलांपासून वीतभर उंच पॅनेल असेल तर कौलांवर सावली पडते आणि खालची खोली थंड होते. आई-बाबा दुपारी माजघरात आडवे होत असतील, तर मला हा मुद्दा युनिटांपेक्षा मोठा वाटतो.

दुसरं, दिशेबद्दल. परदेशातले लेख वाचून 'उत्तरेला चुकूनही लावू नका' असं लोक सांगतात. गुहागर साडेसतरा अक्षांशावर आहे. तिथे साधारण मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेलाच असतो. मात्र त्यातला मोठा काळ ढगांत जातो, आणि आकाश निरभ्र असतं तेव्हा, म्हणजे डिसेंबरात, २५ अंशांच्या उत्तर उतारावर भर दुपारी दक्षिण उताराच्या निम्म्याहूनही कमी ऊन सरळ पडतं. तेव्हा दक्षिण मिळत असेल तर दक्षिणच. पूर्व-पश्चिम उतारवाल्यांनी मात्र निराश होऊ नये, आपल्या अक्षांशावर तिथला तोटा थोडा असतो.

पोफळीची_बाग

चष्मासर, माजघराचा मुद्दा पटला. पण मग कौलांवर पॅनेल म्हणजे कौलांना भोकं पाडणं आलं ना? शेजारच्या वाडीत एकाने तसं केलंय. कौलातून बोल्ट घातला आणि वरून सिलिकॉन थापलं. दुसऱ्याच पावसाळ्यात भिंतीवर ओघळ. बसवणारा म्हणतो सुताराची चूक, सुतार म्हणतो बसवणाऱ्याची.

वायरमन_चिपळूण

कौलाला भोक पाडायचंच नसतं. ट्यूबला किंवा वाशाला स्टेनलेस स्टीलचा हूक बसवायचा. तो दोन कौलांच्या चढीतून बाहेर येतो, वरच्या कौलाच्या पोटात थोडी खाच घासायची आणि वरचं कौल परत त्यावर बसवायचं. पाणी वरच्या कौलावरून खालच्या कौलावर पडतं, हुकाचा पाण्याच्या वाटेशी संबंध येत नाही. असे हूक आपल्याकडे दुकानात सहज मिळत नाहीत, आम्ही पट्टी वाकवून करून घेतो. घाईवाले बसवणारे हे करत नाहीत कारण त्यात दिवस जास्त जातात. सिलिकॉन उन्हात ताठरतं आणि सुटतं, त्याच्यावर छपराचा भरवसा ठेवणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

तुमचं छप्पर नव्याने होतंय ही संधी आहे. ट्यूबचं काम चालू असतानाच हूक वेल्ड करून घ्या, मग कौलं चढवा. आणि वेल्डिंगच्या जागी रंगाचे दोन हात, नाहीतर खारा वारा तिथूनच सुरुवात करेल. पॅनेल घेताना मिठाच्या हवेच्या चाचणीचा दाखला मागा, आयईसी ६१७०१ असा त्याचा क्रमांक.

वाऱ्याचंही लक्षात असू द्या. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला श्रीवर्धन-दिवेआगरकडे धडकलं तेव्हा पत्रे उडाले, तसं काही सोलरचे सांगाडेही. कौलाचं चौरस मीटरला तीस किलोच्या वर वजन भरतं, पॅनेलचं जेमतेम अकरा. त्यामुळे पॅनेलचं छप्पर हलकं म्हणून स्वस्त पडतं, पण त्याच हलकेपणामुळे वारा त्याला उचलतो. बोल्ट आणि क्लॅम्प मोजून घ्या.

बार्देशकर

आमचं घर जुनं, छपराला हात लावायची कोणाची छाती नाही. आम्ही गोठ्यावर लावली पॅनेलं. गोठ्याचं छप्पर काढून पॅनेलंच ठेवली. म्हशींनी अजून तक्रार केलेली नाही.

सुधामावशी

बार्देशकर, हेच तर! राहत्या घराच्या डोक्यावरच का प्रयोग? आमच्या भावाने खळ्यात कायमचा मांडव घातला लोखंडी खांबांवर, वर पॅनेलं. उन्हाळ्यात मांडवाला झाप शोधायला नकोत. फक्त एक झालं, वहिनीला आमसुलं आणि पापड वाळवायला खळं राहिलं नाही. ती अजून बोलते त्याला. म्हणून घरातल्या बाईमाणसाला विचारल्याशिवाय खळं झाकू नका.

रेडिंगकर

सुधामावशी, वहिनींना माझा पाठिंबा!

पोफळीची_बाग

वरचं सगळं आईला वाचून दाखवलं. खळ्यावर ती अजिबात तयार नाही, कारण तेच. पण गोठ्यावरून तिलाच एक सुचलं. आमच्या घराला दक्षिणेला पडवी आहे, ८ फूट रुंद, २६ फूट लांब, मोकळीच. सायकली, नारळाचा ढीग, बाबांचा झोपाळा. तिचीही कौलं उतरणारच आहेत. मोठ्या छपरावर मंगलोरी कौलं जशीच्या तशी ठेवायची आणि पडवीचं छप्पर पॅनेलचं करायचं, हे कसं वाटतं? समोरून रस्त्यावरून बघणाऱ्याला घर कौलारूच दिसेल.

वायरमन_चिपळूण

पहिल्याच दिवशी पडवी आहे म्हणून का नाही सांगितलंत!

हे सगळ्यांत उत्तम. पॅनेलची लांबी साडेसात फूट, पडवीची रुंदी आठ. सहा पॅनेलं शेजारी शेजारी उभी लावली की साधारण साडेबावीस फूट होतात. एकच रांग. म्हणजे आडवा सांधा एकही नाही. गळती नेहमी आडव्या सांध्यातून होते, कारण तिथे पाणी थबकतं. तुमच्याकडे फक्त पाच उभे सांधे राहतील. प्रत्येकाखाली ॲल्युमिनियमची पन्हळ टाकायची, तिचं तोंड पुढच्या मोठ्या पन्हळीत. पॅनेलची वरची कड मोठ्या छपराच्या वळचणीखाली चांगली वीतभर आत सारायची. उरलेल्या साडेतीन फुटांत कौलं किंवा पत्रा.

बाजू मोकळ्या असल्याने खालून वारा खेळतो, चष्मासरांची पाच टक्क्यांची चिंता मिटली. दुरुस्तीला शिडी लावली की हात पोचतो. आणि समजा एखादा सांधा ठिबकलाच, तर सायकलीवर ठिबकेल, बाळंतिणीवर नाही.

चौकोनी_चष्मा

मोठ्या छपराच्या सावलीची भीती नको, ते पॅनेलांच्या उत्तरेला आहे. मात्र पागोळ्या थेट काचेवर पडतील. कौलांवरचं शेवाळ आणि माती त्याबरोबर येईल. वळचणीला पन्हळ लावून ते पाणी बाजूने काढा.

फ्रीमाँटकर

पडवीला +१. पॅनेल काच-काच प्रकारचं घ्या, मागे प्लास्टिकऐवजी काच असलेलं. सेलमधल्या फटींतून थोडा उजेड झिरपतो, पडवी अंधारी होत नाही. डीसीआरमध्ये मिळतं का ते मात्र मीटर_रीडर सांगतील.

मीटर_रीडर

मिळतं. आणि दोन गोष्टी. पावसाळ्यात वीज जाते तेव्हा साधा ऑनग्रिड, म्हणजे महावितरणच्या लाइनला जोडलेला बिनबॅटरीचा इन्व्हर्टरही बंद पडतो, ऊन असलं तरी. लाइनवर काम करणाऱ्या माणसाला शॉक बसू नये म्हणून तो तसाच बनवलेला असतो. गावाला रात्र-रात्र लाइट नसते, तेव्हा पंखा आणि दिवे तरी चालावेत असं वाटत असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागेल. बॅटरीला अनुदान नाही. दुसरं, नेट मीटरवर (घेतलेली आणि लाइनला दिलेली वीज दोन्ही मोजणारा मीटर) जमा झालेले युनिट पुढच्या महिन्यांत वापरता येतात, हिशेब ३१ मार्चला मिटतो. म्हणजे एप्रिल-मेचे जास्तीचे युनिट जून ते सप्टेंबरात कामी येतात. कोकणाला हे चांगलं जुळतं.

रेडिंगकर

एक शंका. दहा वर्षांनी एक पॅनेल फुटलं तर त्याच मापाचं मिळेल का? दहा-बारा वर्षांपूर्वी सर्रास मिळणारी अडीचशे वॅटची पॅनेलं १.६५ मीटरची होती, आज ती शोधून सापडत नाहीत. छपरावर वेगळी लावलेली असतील तर चालून जातं. छप्परच असेल तर माप चुकलं की भोकच पडलं.

वायरमन_चिपळूण

रास्त शंका. एक पॅनेल जास्तीचं आत्ताच घेऊन माळ्यावर उभं ठेवा, आडवं नको, वर कोणी पोती रचतं. नारळ वानरं दोन्हींसाठी तेवढं पुरेल. पडवीवर माड वाकलेला असेल तर झावळ्या-नारळ वेळेवर उतरवून घ्या.

पोफळीची_बाग

माड एक आहे, पण अंगणाच्या कडेला. बाबा म्हणाले, पॅनेल फुटलं तर चालेल, माड तोडायचा नाही. सह्यांसाठी काकांना आणि आत्याला फोन झालेत. वायरमनदादा, पडवीचा उतार किती ठेवू? आत्ता फार कमी आहे, ८ फुटांत फूटभरही नाही.

वायरमन_चिपळूण

८ फुटांत दीड फूट तरी हवा, दोन मिळाले तर उत्तम. कमी उतारावर पॅनेलच्या खालच्या चौकटीशी पाणी आणि माती साचून काळा पट्टा धरतो, आणि त्या पट्ट्याखालचे सेल वीज देत नाहीत. चौकटीवरून पाणी उतरायला प्लास्टिकच्या छोट्या क्लिपा मिळतात, त्या लावून घ्या. वळचणीची उंची बदलता येत नसेल तर पुढचे खांब कमी करा, पण सहा फुटांच्या खाली नको, बाबांचं डोकं आपटेल. वायरी नळीतून भिंतीच्या आतल्या बाजूने घ्या, पोरं खेळताना हात पोचता कामा नये. अर्थिंग तीन वेगळी: डीसीचं (पॅनेलकडचं), एसीचं (घराकडचं) आणि आकाशातली वीज जमिनीत उतरवणाऱ्या वीजरोधकाचं. जांभ्यात ओल धरत नाही, खड्डे खोल घ्यायला सांगा.

इन्व्हर्टर भिंतीला लावायच्या आधी मोटार चालू करून पाइपने पडवीवर चांगलं तासभर पाणी मारा. वरून खाली मारू नका, तसं कुठलंही छप्पर पास होतं. समुद्राच्या बाजूने आडवं मारा, आणि आत झोपाळ्यावर कोणाला तरी बसवा.